हिवराखाली नाही

माझी बायको वारली त्याला अडीच महिने झाले होते, आणि नगर परिषदेच्या व्हरांड्यात भर दुपारी तिचं नाव पुकारलं गेलं. आधी तिचं, मग माझं, मग आडनाव. बाईच्या नावात नवऱ्याचं नाव मधोमध बसलेलं असतं, त्यामुळे तिला हाक मारली की अर्धी मलाही लागते. मी बाकावर बसून होतो. ओ दिली नाही.

ओ काहून दिली नाही, ते मागून सांगत यावं लागेल. मी चौथी शिकलो. लिहिणं-वाचणं तिच्याकडे होतं, ती सातवी पास. आता ती नाही म्हणून मी लिहितो.

आमच्या वस्तीत एका हाकेला कोणी ओ देत नाही. दुपारची तर नाहीच. माझी माय सांगायची, माणूस असेल तर तीनदा बोलावेल. जे माणूस नाही, त्याला दोनदाच बोलावता येतं, तिसऱ्यांदा त्याचा आवाज फुटत नाही. आमच्या बापांनी दीक्षा घेतली, घरातले देव्हारे गेले, वस्तीत विहार झाला. भूतखेत आम्ही मानत नाही. कोणी विचारलं तर छाती ठोकून सांगतो, मानत नाही. पण तिसरी हाक आल्याशिवाय ओ देत नाही. दोन्ही खरं आहे.

मी जन्मभर जिनात काम केलं, कापसातून सरकी काढायच्या मशीनवर. त्या आवाजानं डावा कान पार गेला. डाव्या बाजूनं कोणी ढोल वाजवला तरी मला कळत नाही. हे आताच सांगून ठेवतो.

लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा आम्हाला पोरगी झाली. घरीच झाली. दोन दिवस जगली. तिसऱ्या दिवशी सकाळी दूध घेईना आणि दुपारपर्यंत आटोपलं. बारसं झालं नव्हतं, म्हणून तिला हाक मारायला नावही नव्हतं. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. बाया तिकडे जात नाहीत. बाप एकटाच घेऊन जातो. मी मायच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात पोरीला गुंडाळली, कुदळ खांद्यावर घेतली आणि गेलो.

गावाच्या बाहेर, नाल्याच्या अलीकडे एक पडीत आहे. कागदावर तिला काही नाव नाही, आम्ही लेकराइची जागा म्हणतो. मधोमध एक हिवराचं झाड, पांढरट खोडाचं, काटेरी, रस्त्यावरूनही दिसतं. बाकी बोरी, तरोटा, नाल्याकडे पळस. नाल्याकडची माती मऊ म्हणून मी तिकडे गेलो. दोन पळसांच्या मध्ये खणायला लागलो. चैताचं ऊन होतं. पळसाची फुलं गळून, वाळून काळी पडली होती. पाखरू बोलत नव्हतं.

गुडघाभर खणलं असेल, तेव्हा मागून बाईचा आवाज आला.

"अजी."

आमच्याकडची हरेक बायको नवऱ्याला अजी म्हणते. ती कोणाचीही हाक असू शकते. पण त्या जागेत बाई येत नाही. मी हात थांबवला, वळलो नाही.

"अजी."

आवाज असा की कोणी रिकाम्या मडक्यात तोंड घालून बोलतंय. मी तिसऱ्या हाकेची वाट पाहिली. आली नाही. मग माझ्या पाठीवरचा घाम गार झाला. पोरीला ठेवली, हातानं माती लोटली तेवढी लोटली, दगड ठेवायचाही राहिला. नाल्यात उतरलो आणि पात्रातून पळत पळत लांबच्या वाटेनं घरी आलो. कुदळ तिथंच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ दारामागे उभी होती. फाळाला माती होती. मीच आणली असेल, असं धरून मी कामावर गेलो. कोणाला विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

सव्वा महिन्यानं बायको उठून हिंडू-फिरू लागली, तेव्हा तिनं विचारलं, "कुठी ठेवली?"

"हिवराखाली," मी म्हटलं.

खोटं बोललो. पळसांकडे पुन्हा जायचं म्हणजे तो आवाज. हिवर कसा, रस्त्यावर उभं राहून बोट केलं की दाखवता येतो. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग "बरं" म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

त्या दिवसापासून तिनं मला कधी एक हाक मारली नाही. "अजी-अजी-अजी," एका दमात, गाडीसारखी. पाणी तापलं तरी तीन, साप निघाला तरी तीन. वस्तीतल्या बाया हसायच्या. शेजारीण तर मला गल्लीतूनच ओरडून सांगायची, "भाऊजी, जा बरं घरी, तुमची अजीची गाडी सुटली!" मीही हसायचो. तीनदा काहून, असं मी तिला चव्वेचाळीस वर्षांत विचारलं नाही.

वर्षातून एक दिवस ती बायांसोबत वाटीभर दूध घेऊन हिवराकडे जायची. चार-पाच वर्षांत बाया तिकडे जायला लागल्या होत्या. ज्यांचं ज्यांचं लेकरू तिथं होतं, त्या साऱ्या जायच्या. साऱ्यांचं हिवराखालीच होतं. एका झाडाखाली इतकी लेकरं कशी मावली, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

आता दुकानाचं. मागच्या साली नगर परिषदेनं नोटीस लावली की नाल्याकडची जमीन, म्हणजे आमची लेकराइची जागा, हरित पट्ट्यातून काढून वाणिज्य करायची आहे, ज्याची हरकत असेल त्यानं महिन्याभरात लेखी द्यावी. एका मोठ्या कंपनीला तिथं दुकान टाकायचं होतं. तांदळापासून टीव्हीपर्यंत सगळं एका छताखाली. गावात दुसरा विषय राहिला नाही. कटिंगच्या दुकानात मी बसलो होतो, तिथं किराणावाला म्हणाला, "आमची दुकानं बसतेत." वस्तरा चालवता चालवता न्हावी म्हणाला, "तू वीस वरसं खडे विकले ना तांदळात, आता बस." सगळे हसले. किराणावालाही हसला, पण अर्धी दाढी झालेली असतानाच उठून गेला.

मी दुकानाच्या बाजूनं होतो. लपवत नाही. घरी येऊन बायकोला म्हटलं, "होऊ दे ना. उन्हाळ्यात फुकट एसीत हिंडू दोघं."

"अन् पोट्टी?"

"पोट्टी काय अजून बसून आहे तिथं? माती झाली तिची कवाच."

ती निवडत असलेली डाळ तशीच ठेवून माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "तुमाले काय. तुमी तर वळूनई पाह्यलं नाई."

बायका बोलतात तसं बोलली, असं मी समजलो.

थंडीत तिच्या छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्याच्या गाडीत, गावाची वेस ओलांडायच्या आत ती गेली. मी तिच्या डोक्याकडे बसलो होतो, डावा कान तिच्याकडे करून. शेवटी ती काही म्हणाली का, मला माहीत नाही. गाडीतल्या नर्स पोरीला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्हालाच हाक मारत होत्या ना." किती वेळा, हे मी विचारलं नाही.

विहारात पुण्यानुमोदन झालं. आमचा पोरगा, पोरीच्या मागून झालेला, पुण्याहून आला आणि चार दिवस राहून परत गेला. घर एवढं शांत झालं की मला दोन्ही कान गेल्यासारखं वाटायचं. एक दिवस तिचा चष्मा पाहावा म्हणून डबी उघडली, तर चष्म्याखाली घडी केलेला कागद. नगर परिषदेची पोच. निळा शिक्का, आवक क्रमांक, विषय: नाल्याकडील जागेबाबत हरकत. अर्ज नव्हता, नुसती पोच. मला न सांगता ती गेली होती आणि अर्ज देऊन आली होती. मुदत संपायच्या दिवशी.

चैतात शिपाई सुनावणीचं पत्र घेऊन आला. तिच्या नावाचं.

"बाई आहेत घरी?"

"नाही."

"कवा येतीन?"

मी त्याच्या हातातला पेन घेतला आणि सही केली. तिच्या नावापुढे माझी.

सुनावणी दुपारी एकची होती. यवतमाळहून साहेब आले होते. आत हॉलमध्ये ते, नगर परिषदेचा बाबू आणि कंपनीचा नकाशावाला. आम्ही बाहेर व्हरांड्यात, वस्तीतल्या बारा-पंधरा बाया, चार-पाच म्हातारे. पंखा होता, फिरत नव्हता. समोरच्या रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. डांबरातून वाफ निघत होती आणि पलीकडची भिंत हलताना दिसत होती.

बाबू दारात आला आणि यादी वाचू लागला. पहिलं नाव शेजारणीचं. ती माझ्या उजव्या हाताला बसली होती, हातात पत्र. तिनं मान वर केली नाही. बाबूनं दुसरं नाव घेतलं. तीही बाई तिथंच होती, पदरानं वारा घेत. गप्प. तिसरं, चौथं, पाचवं. प्रत्येक नाव भिंतीवर आपटून परत यायचं आणि ज्याचं नाव तो दगडासारखा बसून. बाबू कागदावर काहीतरी खूण करायचा आणि पुढचं नाव घ्यायचा. मला ते चमत्कारिक वाटायला लागलं. माणसांनी भरलेला व्हरांडा आणि जितं कोणीच नाही. सगळ्यात शेवटी तिचं नाव आलं. एक हाक झाली. मी दुसरीची वाट पाहू लागलो.

बाबू वळला आणि आत गेला. आतून त्याचा आवाज आला, "सर, हरकतदार सगळे गैरहजर."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. शेजारीण म्हणाली, "काय म्हंतो थो? गैरहजर?"

"मंग तू ओ काहून नाई देल्ली?"

"एका हाकेले? टळटळीत दुपारी? तू देल्ली काय?"

"कोर्टात तीनदा पुकारतेत. मले वाटलं हा नुसता वाचून पाहून राह्यला."

तेवढ्यात आमच्या वॉर्डाच्या मेंबरबाई स्कूटीवरून उतरल्या. पन्नाशीच्या, आवाज मोठा. त्यांना सगळं कळलं तेव्हा त्या आधी कपाळावर हात मारून हसल्या आणि मग हॉलमध्ये घुसल्या. "साहेब, बाहेर पंधरा माणसं बसून आहेत अन् तुमी गैरहजर लिहिता?"

"मी स्वतः नावं पुकारली मॅडम," बाबू म्हणाला. "एकानं ओ दिली नाही."

"किती वेळा पुकारली?"

"एकदा."

"मंग? एकदा पुकारल्यावर कोण ओ देईन? तुमी काय हडळ आहा काय?"

साहेब बाहेरच्या जिल्ह्यातले असावेत, त्यांना काही कळेना. मेंबरबाईंनी समजावून सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ठीक आहे," ते म्हणाले. "तीनदा पुकारा."

मग एकेक जण आत गेला. मीही दारापाशी जाऊन उभा राहिलो. नकाशावाला तरुण होता, गोड बोलायचा. त्यानं कागद उलगडून दाखवला. हिवराला कंपनी हात लावणार नाही. भोवती ओटा, फरशी, रेलिंग, बसायला बाक. "तुमच्या भावनांचा आदर आहे, मावशी." बायांचे चेहरे खुलले. शेजारीण म्हणाली, "हिवर सोडत असान, तर माही काई हरकत नाई." दुसरीही तेच म्हणाली. तिसरीही. बाबू भराभर लिहीत होता. अंगठे, सह्या. अर्ध्या तासात सगळ्या हरकती उठत आल्या. माझ्या मनात आलं, बरं झालं. आपणही हरकत नाही म्हणावं आणि घरी जावं. खोटं होतं ते खोट्यावरच मिटलं असतं.

"शेवटचा अर्ज," बाबू म्हणाला आणि तिचं नाव पुकारलं. एकदा. दुसऱ्यांदा. बाया माझ्याकडे पाहायला लागल्या. तिसऱ्यांदा.

"हाव," मी म्हटलं.

साहेबांनी मान वर केली. "हरकतदार तुम्ही?"

"मालक आहो तिचा. थे वारली."

साहेबांनी यादीत तिच्या नावापुढे काहीतरी लिहिलं. मग फाईलमधून अर्ज काढून मोठ्यानं वाचायला लागले. तिचं अक्षर मला दारातून ओळखू आलं, गोल गोल, शिरोरेषा पट्टीनं मारलेली. जे वाचलं ते असं होतं:

"अर्ज करते की, सदर जागेत माझी मुलगी पुरलेली आहे. तिचे नाव ठेवलेले नव्हते. ती हिवराखाली नाही. नाल्याकडे दोन पळस आहेत, त्यांच्या मध्ये आहे. माझे यजमान हिवराखाली सांगतात, कारण त्या दिवशी ते भ्याले होते. मी बाळंतीण असून त्यांच्या मागे गेले होते. मी दोनदा हाक दिली. तिसरी हाक देण्याइतका दम माझ्यात नव्हता. ते गेल्यावर मी माती नीट लोटली आणि कुदळ घरी आणली. यात त्यांचा दोष नाही. तरी फक्त हिवर सोडून बाकीची जागा कोणास देऊ नये, ही विनंती."

नकाशावाल्याच्या हातातला कागद आपोआप गुंडाळला गेला. हिवर सोडायची गोष्ट त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा काढली होती. बायकोनं ती थंडीतच लिहून ठेवली होती.

"हे बरोबर आहे?" साहेबांनी विचारलं. "मुलगी हिवराखाली नाही?"

शेजारीण माझ्याकडे पाहत होती. जिच्यासोबत माझी बायको चाळीस वर्षं हिवराला दूध घालायला गेली, ती. नाही म्हटलं असतं तर मेलेली बायको खोटी. हो म्हटलं तर मी.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "मी खोटं सांगतलं होतं. पोट्टी पळसात आहे."

"म्हणून थे दर साली मांगं राहायची," शेजारीण हळूच बोलली. "पाय धुऊन येतो म्हणे नाल्यावर. हिवराले अर्धंच दूध घालायची, अर्धं वाटीत ठेवायची."

साहेब पेनाचं टोपण लावत होते. एकाच माणसाचा प्रश्न, असं त्यांना वाटलं असेल. तेवढ्यात मागे भिंतीला टेकून उभा असलेला टेलर, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, खाकरला. त्याची बायको नुकतीच अंगठा देऊन बसली होती.

"साहेब," तो म्हणाला, "आमचं पोट्टंई हिवराखाली नाई."

बायकोनं त्याच्याकडे मान वळवली. "काय म्हंता?"

"बोरीकडे आहे. अंधारून आलं होतं. तू इचारलं, तं मी हिवर सांगतला. काय सांगू मंग? हिवरच तेवढा दिसते."

तिनं डोक्यावरचा पदर तोंडात धरला. मग आणखी एक म्हातारा बोलला. मग दारातला एक. कोणी ओरडलं नाही, कोणी रडलं नाही. म्हातारे एकेक करून, खाली पाहून, एकच वाक्य बोलत गेले. हिवराखाली नाही. आमचं हिवराखाली नाही. हिवराखाली कोणाचं होतं, तेच शेवटी कळेना. उठलेल्या हरकती बायांनी त्याच टेबलावर परत मागितल्या. बाबूच्या तोंडाकडे पाहून मला एवढ्यातही हसू आलं.

साहेबांनी स्थळपाहणी लावली. आठवड्यानं, आणि वेळ परत दुपारचीच, कारण त्यांना संध्याकाळी यवतमाळला जायचं होतं.

त्या दुपारचं सांगायचं तर अजून अंगावर काटा येतो. साहेब म्हणाले, ज्याला जागा माहीत आहे त्यानं तिथं जाऊन उभं राहावं. आम्ही गेलो, सुनावणीला न आलेले वस्तीतले म्हातारेही होते, सगळे मिळून वीस-पंचवीस जण. कोणी काठी टेकत, कोणी हातानं चाचपत, दहा पावलं पुढं, दोन मागं. मग एकेक जण थांबला. मी दोन पळसांच्या मध्ये उभा राहिलो. इकडेतिकडे पाहिलं, तर साऱ्या पडीतात म्हातारे उभे, लांब लांब, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. हलतही नव्हतं. डोक्यावर ऊन असलं की सावली पायाखाली जाते. सगळ्यांच्या सावल्या पायाखाली गेल्या होत्या, प्रत्येकजण आपल्या लेकरावर उभा आणि खाली काळा ठिपका. ज्यांचे नवरे मेले होते त्या बाया मात्र कुठं उभं राहावं ते न कळून फिरत होत्या. एक जण थांबायची, मान हलवायची, पुढं जायची. शेजारीण त्यातलीच. शेवटी ती हिवराखाली जाऊन बसली. तिचा नवरा खरं सांगणारा होता की नाही, हे आता कोण सांगणार?

मोजणीवाला चुन्याचं घमेलं घेऊन प्रत्येकाच्या पायाशी खूण करत गेला. मी बाजूला झालो तेव्हा माझ्या दोन पावलांची जागा तेवढी मातीची राहिली आणि भोवती पांढरं. आम्ही सगळे रस्त्यावर आलो आणि मागे पाहिलं. हिवरापासून नाल्यापर्यंत कुठंही दुकानाचा पाया टाकायला जागा नव्हती.

पुढच्या महिन्यात नगर परिषदेच्या सभेत तो विषय आला. आम्ही खिडकीबाहेर उभं राहून ऐकलं. दोन तास भांडण चाललं. एक मेंबर उभा राहून म्हणाला, "मेलेल्या लेकरांपायी जित्या पोट्ट्यांच्या नोकऱ्या घालवता काय? चाळीस वर्षांनी आठवण आली काय सगळ्यांले?" त्याचं बोलणं खोटं नव्हतं. त्याचा मुलगा बीकॉम होऊन घरी बसून आहे, हे मला माहीत आहे. आमच्या मेंबरबाई उठल्या. "भाऊ, चुना पडला तिथं तुमी स्वतः सामानाची गाडी ढकलून दाखवा. मी आत्ता हात वर करतो." तो बसला. हात मोजले, तेव्हा बदल नामंजूर झाला, थोड्याच हातांनी. कंपनी आता यवतमाळ रोडला दुसरी जागा पाहून राह्यली म्हणतात. होईल तिकडं. मीही जाईन एखाद्या दिवशी.

सभा संपल्यावर बाकीचे चहाला गेले. मी पायी पडीतात गेलो. तिला सांगावं म्हणून. तिची राख तर नदीत गेली, पण मला वाटलं, पळसांकडे सांगितलं तर पोचेल. दुपारचे दोन वाजले असतील. माझ्या खुणेचा चुना वाऱ्यानं अर्धा उडाला होता. मी पळसांकडे तोंड करून, नाल्याकडे पाहत उभा राहिलो. काय बोलावं ते सुचेना. "झालं तुह्या मनासारखं," एवढंच म्हटलं.

"अजी."

मागून आली. डाव्या कानात आली. ज्या कानात तीस वर्षांत काही गेलं नाही, त्या कानात.

माझे हात जागीच राहिले. पाखरू बोलत नव्हतं.

"अजी."

आवाज तसाच, रिकाम्या मडक्यातला, दम नसलेल्या बाईचा. मी तिसरीची वाट पाहिली नाही.

"ओ," मी म्हटलं, आणि वळलो.

मागे पडीत होती, फिकट होत चाललेल्या चुन्याच्या खुणा होत्या आणि लांब हिवर होता. कोणी नव्हतं. तरी मी बराच वेळ तिकडेच तोंड करून उभा राहिलो.